काळवीट जन्मतः काळा नसतो

येवला म्हटले की आपणां सर्वांच्या मनात १३ ऑक्टोबर १९३५ हा दिवस उभा राहतो. जन्माने अंगाला चिकटलेली ओळख मरेपर्यंत वाहिलीच पाहिजे असे नाही, हे बाबासाहेबांनी त्या दिवशी या गावात जाहीर केले. त्या घोषणेचा अर्थ सांगणारे पुष्कळ लेख अशा स्मरणिकांतून आजवर आले आणि पुढेही येतील. प्रस्तुत लेखाचा विषय वेगळा आहे. आपल्याच तालुक्याच्या ईशान्य भागात, ममदापूर-राजापूरच्या माळरानावर, काळवीट हा देखणा प्राणी कळपाकळपाने राहतो. त्याचे शरीर, त्याची उत्क्रांती आणि त्याचे वर्तन यांचा अभ्यास करू लागलो की जन्माने काय ठरते आणि परिस्थितीने काय घडते, हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने समोर येऊन उभा राहतो.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. परंतु उत्क्रांती हाही अखेर इतिहासच आहे. फरक इतकाच की त्याची कागदपत्रे हाडांत, दातांत आणि खुरांत लिहिलेली असतात. इतिहासात आपण विचारतो, 'हे असे का झाले?' प्राण्यासमोर उभे राहूनही तोच प्रश्न विचारायचा असतो.

सारंग आणि कुरंग

बोलताना आपण सर्वांनाच हरीण म्हणतो. अभ्यासकांनी मराठीत दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. चितळ, सांबर हे 'सारंग'. त्यांच्या नरांची शिंगे भरीव व फाटे फुटलेली असून ती ठरावीक काळाने गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा, नीलगाय हे 'कुरंग'. त्यांच्या शिंगांत आत हाडाचा गाभा आणि वर टणक पोकळ आवरण असते. ती आयुष्यभर टिकतात. या दृष्टीने काळवीट हा चितळापेक्षा गाय, शेळी व मेंढी यांना अधिक जवळचा आहे. आपल्या दारातील शेळी आणि माळावरील काळवीट हे एकाच मोठ्या कुळातील आहेत, ही गोष्ट मुलांना सांगितली की त्यांचे डोळे मोठे होतात.

काळविटाच्या नराची शिंगे पिळदार असून ती पाऊण मीटरपर्यंत वाढू शकतात. मादीला सहसा शिंगे नसतात. नराची पाठ व मानेची बाजू गडद काळी-तपकिरी, पोट पांढरेशुभ्र आणि डोळ्यांभोवती पांढरे वर्तुळ असते. मादीचा रंग वाळल्या गवतासारखा पिवळसर तपकिरी असतो.

गवताने घडविलेले शरीर

शिवालिक टेकड्यांतील मातीचा व जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना असे आढळले की सुमारे सत्तर-ऐंशी लक्ष वर्षांपूर्वीपासून भारतीय उपखंडात जंगलाच्या जागी गवताळ प्रदेश मोठ्या प्रमाणात पसरू लागले. झाडी विरळ झाली आणि मैदान उघडे पडले. लपायला जागा उरली नाही, खायला मात्र गवत मुबलक झाले. अशा उघड्यावर कोण टिकणार? ज्याला दूरचे दिसते, ज्याला पळता येते आणि ज्याला गवत पचवता येते, तो.

आता काळविटाचे शरीर पाहा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असून बाहुली आडवी असते. त्यामुळे मान खाली घालून चरतानाही त्याला क्षितिजाचा मोठा पट्टा दिसत राहतो. मागच्या पायात जो सांधा आपल्याला उलटा गुडघा वाटतो, तो खरे पाहता त्याची टाच आहे. म्हणजे हा प्राणी जन्मभर चवड्यावर, किंबहुना दोन बोटांच्या नखांवर धावतो. त्या नखांनाच आपण खूर म्हणतो. पायाचा खालचा भाग लांब आणि हलका, स्नायूंचा भार मात्र वर मांडीकडे, अशी रचना असल्याने पाय थोड्या शक्तीत वेगाने हलतो. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग त्याला गाठता येतो.

गवत पचविणे हेही सोपे काम नव्हे. गवतातील तंतू पचविणारे पाचक रस त्याच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाहीत. ते काम त्याच्या चार कप्प्यांच्या पोटात राहणारे सूक्ष्मजीव करतात. उघड्यावर घाईघाईने चरायचे आणि मग सुरक्षित जागी बसून तेच गवत पुन्हा तोंडात आणून सावकाश चावायचे, यालाच आपण रवंथ म्हणतो. भक्षकाच्या भीतीत जगणाऱ्या प्राण्यासाठी ही सोय किती उपयोगाची ठरली असेल, याची कल्पना करता येते.

कुणी म्हणेल, निर्मात्याने त्याला माळासाठीच असे घडविले. विज्ञानाचे उत्तर निराळे आहे. प्रत्येक पिढीत पिले थोडीफार वेगवेगळी जन्मतात. त्या परिस्थितीत जी जगतात व वाढतात, त्यांचे गुण पुढे जातात. लक्षावधी वर्षे हे घडत राहिले की नवे रूप तयार होते. यात आधी ठरविलेला हेतू नाही. कारण आहे आणि परिणाम आहे. कारणावाचून काही घडत नाही, ही गोष्ट धम्माच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

पाठलाग करणारा गेला, वेग राहिला

माळावर काळविटाच्या मागे लांडगा आजही असतो. परंतु एकेकाळी या देशात चित्ताही होता. राजेरजवाडे चित्ता पाळून त्याच्याकरवी काळविटाची शिकार करीत. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानातील चित्त्यांची शिकार प्रसिद्ध होती. भारतातील रानटी चित्त्यांपैकी अखेरची नोंद मानली जाणारी तीन जनावरे १९४७ साली कोरिया संस्थानात मारली गेली आणि १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे आफ्रिकेतून चित्ते आणून सोडण्यात आले, ते आपल्या माळापासून फार दूर.

म्हणजे ममदापूरचा काळवीट आज ज्या वेगाने पळतो, तो वेग घडविण्यात ज्या शत्रूंचा वाटा असावा त्यांपैकी एक येथे उरलेलाच नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. जुन्या काळाची छाप नव्या काळात राहते, समाजातही आणि शरीरातही. आजची स्थिती पाहून सर्व काही समजते असे नाही. तिच्यामागचा काळ तपासावा लागतो.

पुण्याजवळ शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीत सापडलेल्या प्राण्यांच्या हाडांत काळविटाचीही हाडे आहेत. शेतकरी आणि काळवीट यांचा शेजार दख्खनमध्ये इतका जुना आहे.

रंग कोठून येतो?

आता लेखाच्या शीर्षकाकडे वळू. काळविटाचे नर पिलू काळे नसते. ते आईसारखेच पिवळसर तपकिरी असते. पिलांकडे पाहून रंगावरून नर कोणता व मादी कोणती हे सांगता येत नाही. वय वाढते, शिंगे पिळ घेऊ लागतात, शरीरात नराची संप्रेरके वाढतात आणि तीन-चार वर्षांत रंग गडद होत जातो. तोही कायमचा एकसारखा राहत नाही. मीलनाच्या हंगामात तो गडद होतो, नंतर पुष्कळदा फिका पडतो. सर्व प्रौढ नर सारखे काळे नसतात. स्वतःची हद्द राखून असलेला नर बहुधा सर्वांत गडद असतो.

हे निरीक्षण नवे नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात भारतीय काळविटाचा उल्लेख केला आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम केलेले एडवर्ड ब्लाइथ यांनी त्यांना ही माहिती दिली होती. नराचा रंग हंगामानुसार बदलतो, खच्चीकरणाचा त्या बदलावर परिणाम होतो आणि दोन्ही लिंगांची पिले सारखीच दिसतात, हे तिन्ही मुद्दे तेथे आले आहेत. संप्रेरके हा शब्दही तेव्हा शास्त्राला ठाऊक नव्हता, परंतु पुरावा मात्र बरोबर दिशा दाखवीत होता.

काळा रंग उन्हात तापतो आणि लांबून दिसतो. मग असा रंग टिकला का? डार्विन यांचे उत्तर असे की काही गुण जगण्यासाठी नव्हे, तर जोडीदार मिळविण्यासाठी टिकतात. नरांच्या आपसांतील झुंजीत आणि मादीच्या निवडीत ज्यांना यश मिळते, त्यांची संतती वाढते.

एकच जात, अनेक वर्तने

वर्तनाचा अभ्यास याहून मनोरंजक आहे. गुजरातमधील भावनगर जिल्ह्यातल्या वेळावदर राष्ट्रीय उद्यानात मीलनाच्या काळात अनेक नर एकाच ठिकाणी जमतात. प्रत्येक जण अगदी लहानसा जमिनीचा तुकडा राखतो. डोळ्यांजवळच्या ग्रंथीतून पाझरणारा स्राव गवताच्या काडीला लावणे, ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग करणे आणि नाक वर करून ऐटीत चालणे, या त्याच्या हद्दीच्या खुणा. माद्या त्या मेळ्यात येतात आणि निवड करतात. मीलनाची संधी थोड्याच नरांना मिळते.

परंतु सर्वच ठिकाणी असे घडत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. कविता ईश्वरन यांनी वेगवेगळ्या प्रदेशांतील काळविटांची तुलना केली. काही ठिकाणी नर मोठमोठ्या हद्दी एकेकट्याने राखतात, काही ठिकाणी दाटीवाटीने मेळा भरवितात. कळपाचा आकारही सर्वत्र एक नसतो. उघड्या मैदानात कळप मोठे असतात, झुडपांच्या प्रदेशात लहान. म्हणजे प्राण्याचे वर्तनसुद्धा केवळ जन्मजात साच्यातून बाहेर पडत नाही. चारा, आडोसा, धोका आणि संख्या यांनुसार ते बदलते.

१८७१ सालाचे दोन धडे

येथे इतिहासाच्या शिक्षकाला एक योग दिसतो. ज्या १८७१ साली काळविटाचा रंग जन्मतः ठरलेला नसतो हे डार्विन यांनी छापले, त्याच १८७१ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा केला. त्या कायद्याने अमुक जमातीत जन्मलेला माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरविला. आधी उत्तर हिंदुस्थानात आणि पुढे १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही तो आला. फासे लावून हरणे व पाखरे पकडण्यात पिढ्यान्‌पिढ्या निष्णात असलेल्या पारधी समाजाच्या कपाळी तो शिक्का बसला. काळविटाच्या पायवाटा, त्याच्या पाण्याच्या वेळा, वारा कोणत्या दिशेने वाहतो आणि वास कोठे पोहोचतो, हे ज्ञान ज्यांच्याजवळ सर्वाधिक होते त्यांनाच ज्ञानाच्या व्यवहारातून हद्दपार केले गेले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. शिक्का मात्र अजून पुरता पुसला गेलेला नाही.

उत्क्रांतीच्या नावाने उच्चनीचतेचे समर्थन करणारे लोक त्या काळी युरोपात होते, तसे आपल्याकडेही होते. जातिव्यवस्था म्हणजे रक्ताची व वंशाची शुद्धता राखण्याची शास्त्रीय योजना आहे, असे ते म्हणत. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण तेथे वाचता न आलेल्या आणि १९३६ साली स्वतःच प्रसिद्ध केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी या युक्तिवादाचा समाचार घेतला. वंशशास्त्र व आनुवंशिकतेच्या अभ्यासकांचे दाखले देऊन त्यांनी दाखविले की शुद्ध वंश अस्तित्वात नाहीत. एकाच प्रांतातील उच्च व नीच मानल्या गेलेल्या जातींचे लोक वंशाने एकच आहेत. जात ही एकाच वंशातील माणसांची सामाजिक विभागणी आहे. विज्ञानाला नाकारून नव्हे, तर विज्ञान नीट वाचून त्यांनी हे उत्तर दिले, हे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

एक सावधगिरी येथे अवश्य बाळगली पाहिजे. काळविटाच्या कळपावरून माणसाच्या समाजाचा नियम काढता येत नाही, ना विषमतेच्या बाजूने, ना समतेच्या. निसर्गात काय घडते हे विज्ञान सांगते. आपण कसे वागावे हे माणसाने विवेकाने ठरवायचे असते.

करुणेला ज्ञानाची जोड

हा अभ्यास कशासाठी, असे पालक विचारतील. त्याचे उत्तर आपल्या शेताच्या बांधावरच आहे.

काळविटाची मादी सुमारे सहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर बहुधा एकच पिलू देते. पहिले काही दिवस ती पिलाला गवतात किंवा उभ्या पिकात लपवून ठेवते आणि दूर चरायला जाते. पिलू हलत नाही आणि आवाज करीत नाही. तीच त्याची ढाल असते. आई वेळेवर येऊन दूध पाजते. ही रीत ठाऊक नसलेला माणूस त्या पिलाला अनाथ समजतो, दयेपोटी उचलून घरी आणतो आणि बाटलीने दूध पाजू लागतो. आई परत येते तेव्हा जागा रिकामी असते. हेतू चांगला असूनही पिलाची आईशी ताटातूट होते. पिलू जखमी नसेल, त्याच्यामागे कुत्री लागलेली नसतील, तर त्याला हात न लावता तेथून निघून जाणे हीच त्याच्यावरची दया आहे.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. येवल्याचा पूर्व भाग अवर्षणप्रवण आहे. चैत्र-वैशाखात पाणवठे आटतात आणि हरणे पाण्यासाठी वस्तीकडे सरकतात. कुत्री मागे लागतात आणि जिवाच्या आकांताने पळणारे जनावर जमिनीसपाट, कठडा नसलेल्या विहिरीत पडते. त्याला वर काढले, अंगावर जखमही दिसली नाही, तरी ते काही तासांनी वा दिवसांनी दगावते. लोक चकित होतात. कारण शरीरशास्त्रात आहे. अतोनात धावणे आणि भीती यांमुळे स्नायूंत आम्ल साचते, स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंड व हृदय निकामी करतात. जनावराभोवती गर्दी, आरडाओरडा आणि छायाचित्रांची घाई त्याच्या मरणाला हातभारच लावते. म्हणून अशा वेळी डोळ्यांवर कापड टाकावे, शांतता राखावी, माणसे दूर ठेवावीत आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मुळातच विहिरीला कठडा बांधणे किंवा जाळी टाकणे हा खरा उपाय. तो आपल्या लेकरांच्या व गुराढोरांच्याही हिताचा आहे.

तिसरी गोष्ट झाडे लावण्याची. महसुली दप्तरात माळाला 'पडीक' म्हणतात आणि आपणही तसेच मानू लागतो. मग पडीक जमिनीचे कल्याण म्हणून तेथे सुबाभूळ, गिरिपुष्प यांसारखी झाडे दाट लावली जातात. परंतु माळ हे उजाड झालेले जंगल नव्हे. पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांचा तो स्वतंत्र व प्राचीन अधिवास आहे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासून पश्चिम महाराष्ट्रातील माळ कित्येक शतकांपूर्वीही माळच होते, असे दाखविले आहे. दाट झाडीत काळविटाचा डोळा आणि पाय दोन्ही कुचकामी ठरतात. झाड लावणे चांगलेच, पण गावठाणात, बांधावर, शाळेच्या आवारात. माळ माळच राहू द्यावा.

या सर्वांत शेतकऱ्याचे दुःख विसरून चालणार नाही. कोरडवाहू बाजरी, मका, हरभरा यांवर रात्री कळप पडला तर लहान खातेदाराचे वर्ष बुडते. नुकसानीची भरपाई शासन नियमाने देते. ती मिळविण्यासाठी अर्ज, पंचनामा, पाठपुरावा करणे अशिक्षित माणसाला जड जाते. आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी हे अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घेतले, तर तेही वन्यजीवसंवर्धनच ठरेल. २०१४ साली शासनाने ममदापूर परिसरातील सुमारे ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव घोषित केले. अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींच्या प्रतिनिधींना कायद्यानेच स्थान आहे. ते स्थान शोभेचे राहू नये. माळावर पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणाऱ्या व पूर्वी फासे लावणाऱ्या लोकांचे ज्ञानही तेथे बोलावून घेतले पाहिजे.

तथागतांनी पहिला उपदेश केला तो सारनाथच्या मृगदावात, हरणांच्या वनात. म्हणूनच धम्मचक्राच्या दोन्ही बाजूंस बसलेली हरणे आपण शिल्पांतून पाहतो. बाबासाहेबांनी प्रज्ञा, शील आणि करुणा यांचा उच्चार एकत्र केला, त्याचे एक साधे कारण या माळावरही सापडते. गवतातले पिलू उचलणाऱ्याजवळ करुणा असते, ज्ञान नसते. ज्याने काळविटाचा अभ्यास केला पण त्याच्यासाठी विहिरीला कठडा बांधला नाही, त्याच्याजवळ ज्ञान असते, करुणा नसते.

माजी विद्यार्थी मित्रहो, सुटीत गावी आलात की मुलांना घेऊन सकाळी लवकर राजापूर-ममदापूरच्या रस्त्याने जावे. गाडीतून न उतरता, हॉर्न न वाजविता, दुरूनच कळप पाहावा. त्यात एखादा पूर्ण काळा नर दिसेल, काही तपकिरी होत चाललेले तरुण नर दिसतील, बाकीच्या पिवळ्या माद्या आणि पिले असतील. मुलांना विचारावे, यांतील पुढचा काळवीट कोणता? पिलांकडे पाहून उत्तर देता येणार नाही. का देता येत नाही, हे मात्र मुलांना आता सांगता आले पाहिजे.